पाहुण्यांचा कोपरा

आयोवा सिटीहून एम्सला जायला दोन तास लागतात.
सामन्याच्या दिवशी किती, ते व्हर्लिन श्रोडर सांगत नाही.
"अंधारात निघू," एवढंच म्हणतो.
वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे बदललेले.
दर वेळी शपथ घेतो, यांच्या मैदानावर हे शेवटचं,
आणि दोन वर्षांनी ऑगस्ट लागला की माझं दार वाजवतो.
हात दाखवून अवलक्षण, मी मनात म्हणतो
आणि थर्मास विसळायला घेतो.

शेवटच्या सहा मैलांना सव्वा तास.
मग मक्याच्या कडेला, नुकत्याच कापलेल्या गवतात,
झेंडा हलवणारी एक शाळकरी पोरगी:
साठ डॉलर. रोख.
पैसे मोजता मोजता तिनं आमच्या काळ्या टोप्या पाहिल्या.
"तुम्ही तिकडे लावा. त्या चिखलाकडे."

दारावर पिशवी पारदर्शक लागते.
माझी कापडी, सोलापूरच्या चादरवाल्याच्या नावाची,
तिच्यात तिखटमिठाच्या पुऱ्या
आणि व्हर्लिनच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
गोळ्या चालतील. पुऱ्या नाही. पिशवीचं तर नावच नको.
गाडी एक मैल मागे.
जाताना रागानं दोन पुऱ्या खाल्ल्या,
येताना त्यांचीच तहान लागली.

मग जिना. व्हर्लिन पायऱ्या मोठ्यानं मोजतो,
म्हणजे खालच्या माणसांना ऐकू जावं.
एकाहत्तर. बहात्तर. देवा, बहात्तर.

लग्नात मुलीकडच्यांना देतात ना जागा,
खांबामागची, पंख्याचा वारा न पोचणारी,
जिथं जिलबी येईपर्यंत जिलबी संपते,
तशी आमची.
ऊन थेट तोंडावर. बाकाला पाठ नाही.
माणशी अठरा इंच, रंगानं आखलेले,
आणि अठरा इंचांचा माणूस
मी आयोवात अजून पाहिलेला नाही.

पुढच्या रांगेत एक लाल शर्टातला मुलगा.
दर डावाला वळायचा आणि ओरडायचा: "घरी जा!"
मला अजून पोटात गार पडतं
असं कुणी म्हटलं की. सत्तावीस वर्षं झाली, तरी.
मी त्याच्याकडे नीट पाहिलं.
तो व्हर्लिनलाही तेच सांगत होता, तितक्याच जोरात,
ज्याचा पणजोबा इथून चाळीस मैलांवर पुरलाय.
काय सांगू, मला बरं वाटलं.
मीही ओरडलो काहीतरी. मराठीत. व्हर्लिननं टाळी दिली.

तिसऱ्या क्वार्टरला मी मुतारीच्या रांगेत.
अचानक पायाखालचं काँक्रीट हललं,
म्हणजे जे झालं ते आपल्यासाठी वाईट झालं.
शेजारच्यानं माझी टोपी पाहिली, "सॉरी" म्हणाला.
हसू मात्र त्याला आवरेना.

हरलो. तीन गुणांनी. शेवटच्या किकवर.
व्हर्लिननं टोपी काढली नाही
आणि उतरताना पायऱ्या मोजल्या नाहीत.

शेतात गाड्यांवर गाड्या, दीड तास कुणी हललं नाही.
आम्ही पुऱ्या खात बसलो, काचा वर करून.
शेजारच्या पिकअपमधलं लाल कुटुंब
रेडिओवर आपला विजय पुन्हा पुन्हा ऐकत होतं.
ती किक मी अकरा वेळा ऐकली.
मग रेडिओ घरघरला आणि बसला.
त्यांचे दिवेही गेले.

थोड्या वेळानं बाप उतरला, खिडकीवर टकटक.
"जंपर केबल आहेत का हो?"
होत्या. डिकीत, स्टेपनीच्या वर, कोऱ्या.
व्हर्लिन समोर बघत राहिला.
एक पुरी हातात घेतली, तिचे चार तुकडे केले.
"विचार करतोय," तो म्हणाला.
माणूस उभा राहिला, हात खिशात घालून, निमूट.
त्यालाही हे रास्त वाटलं असावं.

चौथा तुकडा संपल्यावर मी दार उघडलं.
"सावकाश जा," व्हर्लिन म्हणाला,
"चिखल आहे. त्यांनीच दिलाय."